साडूचं लाल बटण आणि माझा ऑटो

"हात लावू नका! अवो, त्या नारंगी वायरीला कुणी हात लावू नका म्हणून राहिले ना मी!"

ही माझी मोठी मेव्हणी. बायकोची थोरली बहीण, घरात सगळे तिला अक्का म्हणतात. अक्काचा आवाज असा, की ती लातुरात गंजगोलाईला उभी राहून कुणाला हाक मारते तेव्हा औशातली माणसं 'ओ' देतात. दसऱ्याची सकाळ होती. अक्काच्या अंगणात झेंडूची माळ घातलेली जुनी आठशे मोटार उभी, तिचं बॉनेट उघडं, भोवती अर्धी गल्ली जमलेली. आणि नारंगी वायरीकडं निघालेला तो हात माझा.

मी नुसतं बघत होतो. आमच्या नांदेडकडं बघायचं म्हणजे हात लावूनच बघायचं असतं. केळीचा घड असो, म्हैस असो, नाहीतर दुसऱ्याचा नवा मोबाइल.

"साडूभाऊ," अक्काचा नवरा, म्हणजे माझा साडू, हळूच म्हणाला, "आत्ता तिच्यात करंट न्हाई. मेन प्लग काढून ठेवलाय मी. पण हाताला सवय लागू नये."

बघा! एवढं गोड बोलून माणसाला अख्ख्या गल्लीपुढं लेकरू करून ठेवायची कला फक्त याच माणसाकडं. तो ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, हिशोब मिटला असता. हा ओरडत नाही. लातुरात याचं डाळींचं दुकान आहे, कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा, आणि घरातून निघाला की गॅसची चावी बघायला फाटकातून परत आत जातो. एकदा नाही. फाटकाची बिजागरी याच्यामुळं झिजली असं अक्का सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा असा फुलतो, जसं काही नवऱ्यानं किल्ला जिंकला.

तर या माणसानं आपल्या हातानं, आपल्या घरी, पेट्रोलची गाडी विजेवर चालवून दाखवली होती.

बॉनेटखाली इंजिन नव्हतंच. तेलाच्या डब्याएवढी एक मोटार, तिच्या डोक्यावर पंख्यासारखे दाते असलेली एक पेटी (तो म्हणे कंट्रोलर), आणि मागच्या सीटखालच्या बॅटरीकडून आलेल्या जाड नारंगी वायरी. वायरीचं एक टोक उघडं दिसेल तर शपथ. प्रत्येक जोडावर टोपी, प्रत्येक टोपीवर चिकटपट्टी, जिथं वायर पत्र्यातून जाते तिथं रबराची बांगडी. नव्या सुनेला सजवावं तशी वायर सजवली होती. मी मनात म्हटलं, एवढं झाकायला आत आहे तरी काय? पण खरं सांगायचं तर माझ्या पोटात त्याच वेळी अशी आग पडली होती, की तिच्यावर त्याच्या दुकानातली सगळी तूरडाळ शिजली असती.

कारण ही कल्पना माझी होती.

उदगीरच्या एका लग्नात, पंगतीत, मीच म्हटलं होतं, "गाडीतलं इंजिन काढून विहिरीवरची मोटार बसवली तर?" सगळी पंगत हसली. हा एकटा हसला नाही. घास हातात तसाच धरून यानं विचारलं, "आणि बंद कशी करायची?" मी म्हटलं, "आधी चालू तर होऊ द्या!" तेवढ्यात जिलबी आली आणि मी विसरलो. हा विसरला नाही. माझी कल्पना माझ्याच पंगतीतून उचलून लातूरला नेली, आणि वर तिला रबराची बांगडी घातली.

तरी मी गिळलं असतं. पण ही गाडी का केली ते कळलं, आणि घास अडकला.

आमच्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. लातूरपासून थोड्या अंतरावर त्यांचं गाव, गावाबाहेर रान. त्यांना मुलगा नाही. थोरली लेक अक्का, धाकटी माझी बायको, म्हणजे जावई दोनच, थोरला हा आणि धाकटा मी. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्या भाषेत येळवसला, लातूरकडं माणूस घरात थांबत नाही. सगळं गाव रानात जातं. रानात कडब्याची खोप उभी करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा झाली की आरोळी ठोकत उभ्या पिकाला आंबील शिंपडायची आणि मग भज्जी, उंडे, खीर, तिळाची पोळी हाणायची. त्या दिवशी आंबिलीचा घडा म्हणजे राजा. रात्री ज्वारीचं पीठ ताकात शिजवून केलेली ती आंबील, घड्याला घोंगडी गुंडाळून, न सांडता रानापर्यंत न्यायची.

मामांकडं देवणी बैलांची जोडी होती. इतकी देखणी, की येळवसच्या दिवशी वाटेतल्या बाया पांडवांच्या आधी त्यांनाच हात जोडायच्या. त्या गाडीत मामांच्या शेजारी बसून घडा मांडीत धरायचा मान माझा. साडूचा नव्हे. माझा! मामा म्हणायचे, "धाकट्याच्या मांड्या भक्कम हायत." यावर मी वर्षभर जगायचो. नांदेडात कुणी नुसतं 'कसे आहात' विचारलं तरी मी फिरवून फिरवून बोलणं माझ्या मांड्यांवर आणायचो.

यंदा मामांचे गुडघे गेले, तसे बैलही एका पाहुण्याकडं गेले. आता घडा कशात न्यायचा? ट्रॅक्टर आहेत, जीपा आहेत, पण मामांनी सांगून टाकलं, "डिझेलचा वास लागला की ती आंबील न्हाई, ऑइल हाय. म्या पिणार न्हाई." आणि यावर या साडूनं बिनधुराची, बिनवासाची गाडी करून ठेवली. घड्यासाठी. माझ्या मांडीतल्या घड्यासाठी!

पूजेला सुरुवात झाली. गाडीत समोर, जिथं लोक देवाची मूर्ती चिकटवतात, तिथं बरोबर मधोमध एक लालभडक बटण होतं, पुरीएवढं, फुगलेलं. आमच्या सासूबाई, त्यांना मामी म्हणतो, आत वाकल्या. त्यांना वाटलं हाच देव. बटणाला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि मनोभावे त्याच्यावर कपाळ टेकलं.

खट्ट!

गाडीच्या पोटात काहीतरी आपटलं. तोवर साडूनं मेन प्लग लावून गाडी चालू केली होती आणि समोर हिरवा दिवा लागला होता. तो विझला. मामी दचकून मागं सरल्या, "माय! कोपला का काय?"

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मेली! गाडी मेली! मी टाळी द्यायला कुणाचा तरी हात शोधत होतो, तेवढ्यात साडू हसला.

"न्हाई मामी, तुम्ही त्याची परीक्षाच घेतली. संकटात दाबायचं बटण हाय ते. दाबलं की बॅटरी तुटून एकीकडं, गाडी एकीकडं. कुणालाही दाबता यावं म्हणून मधोमध ठेवलं. तुम्हाला डोक्यानंसुद्धा दाबता आलं की न्हाई?"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बंद पडलेल्या गाडीला टाळ्या! माझी फटफटी सिडकोच्या चौकात बंद पडते तेव्हा लोक मागून शिव्या देतात.

मग त्यानं बटण फिरवून वर काढलं, आणि गाडी पुन्हा उठवायचा विधी सुरू झाला. चावी काढली. परत घातली. ब्रेकवर पाय. रेसवर पाय नाही. गिअर मोकळा. मग चावी फिरवली, थोडा वेळ काहीच नाही, कंट्रोलर हळूहळू भरू द्यावा लागतो म्हणे, एकदम सोडला तर ठिणगी पडते. मग एकदाचं खट्ट, आणि हिरवा दिवा. मी म्हटलं, "दाजी, ही मोटार हाय का तहसील कचेरी? एका कामाला किती सह्या?"

"चार्जरची पिन लावलेली असली तरी हलत न्हाई ती," अक्का कौतुकानं म्हणाली. मी तिला विचारलंच नव्हतं.

"आणि एकदा काही कारणानं बंद पडली," साडू म्हणाला, "तर आपण होऊन कधीच उठत न्हाई. माणसानं पहिल्यापासून विचारावं लागतं."

"मग सकाळी भूपाळी म्हणत जा तिच्यापुढं," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. विनोद चांगला होता.

मामांना त्यानं पुढं बसवून गल्लीत एक फेरी मारली. गाडीचा आवाज नाही, धूर नाही. मामा उतरले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "आंबील ह्यातच."

दोनच शब्द. दोन शब्दांत माझ्या मांड्या बेरोजगार.

परत जाताना अहमदपूरपासून लोह्यापर्यंत बायको एकच पोथी वाचत होती. दाजींनी असं केलं, दाजींनी तसं केलं, दाजींनी वायरीला बांगडी घातली. मी म्हटलं, "तुलाही घेतो एक." ती म्हणाली, "बांगडीचं न्हाई बोलत मी." लोह्याच्या पुढं मी निश्चय केला.

आमचं घर नांदेडात, केळी अर्धापूरला. तिथल्या शेडमध्ये एक जुनी व्हॅन पडून होती, कोंबड्या तिला आपलं घर समजत. एक दोस्त आहे, पंपाच्या मोटारी वाइंडिंग करून देतो. तो माझ्यासारखाच. म्हणजे त्याला कुठलीही गोष्ट येत नाही असं नाही. त्यानं व्हॅनकडं बघितलं, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "किती दिवसांत पाहिजे?" आम्ही इंजिन काढलं, तेव्हा त्यातून इतकं तेल निघालं की अरबांनी ऐकलं असतं तर मुक्कामाला आले असते. मोटार बसवली, बॅटऱ्या बसवल्या. वायरी नारंगी मिळाल्या नाहीत, काळ्या घेतल्या. वायर वायर असते. रंगाला काय करंट लागतो? लाल बटणही ठेवलं नाही. तिथं मी छोटा पंखा बसवला. नांदेडचा उन्हाळा माणसाला मारतो, बटण काय वारा घालणार आहे?

पण तो कंट्रोलर! आम्ही नवा आणला, आणि तो निघाला साडूच्याच जातीचा. रेसवर पाय ठेवून चावी फिरवली की हा लाल दिवा दाखवून रुसून बसायचा. चढावर जोर पडला की बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं, ते आलं की हा सगळं तोडून मोकळा. मग काढा चावी, घाला चावी, सोडा पाय, जोडा हात. केळीच्या बागेत एका फेरीत माझी एवढी उठबस झाली की शाळेतल्या गुरुजींची आठवण झाली.

"ऑटो टाका," मी म्हटलं.

आमच्या भागात ज्याला शेत आहे त्याला ऑटो माहीत आहे. लाइटचा भरवसा नसतो. कधी येते, कधी जाते, आणि माणूस नांदेडात असतो. म्हणून विहिरीवरच्या स्टार्टरला एक लहान डबी जोडतात, ती ऑटो. लाइट गेली, मोटार बंद. लाइट आली, थोडं थांबून मोटार आपली आपण चालू. रात्री कुणी रानात जायला नको, बटण दाबायला नको. या डबीनं आमच्या पिढीची झोप वाचवली आहे. तिच्या शोधकर्त्याचा पुतळा कुठं बसवायचा असेल तर अर्धापूरला मी जागा देतो.

दोस्ताचे डोळे चमकले. त्यानं ऑटोसारखीच जोडणी केली. गाडी बंद पडली की थोडं थांबायचं, व्होल्टेज परत वर आलं की कॉन्टॅक्टर, म्हणजे तो खट्ट करणारा मोठा खटका, आपोआप बसायचा. चावीचं नाटक खलास. आणि कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये 'रेसवर पाय असेल तर चालू होऊ नको' अशी जी अट होती ती बंद करून टाकली. चढावर गाडी पडली की क्षणभर गप्प बसायचं, ती स्वतः उठायची आणि चालू लागायची. जशी काही चहा प्यायला थांबली होती. मी तर तिच्या प्रेमात पडलो. साडूची गाडी माणसाला अर्ज करायला लावते, माझी माणसाचं मन ओळखते!

बायकोच्या पोटात काही राहत नाही. त्याच संध्याकाळी लातूरहून फोन.

"साडूभाऊ, ऑटो बसवला म्हणं?"

"हाव. आता तुम्हीबी बसवा."

"काढा तो."

"का? पंपावर हाय की वर्षानुवर्षं. काय झालं?"

"पंप विहिरीत असतो साडूभाऊ. त्याच्यापुढं कुणी उभं राहत न्हाई."

बोलणं बरोबर होतं की चूक, याचा मी विचारच केला नाही. मला त्या आवाजामागं एकच गोष्ट ऐकू आली, हा घाबरला! घडा हातातून जातो म्हणून घाबरला. मी म्हटलं, "बरं, बघतो," आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

येळवसला व्हॅन लातूरकडं नेली. म्हणजे, माझी व्हॅन एवढी दूर जाऊ शकत नव्हती असं नाही. बॅटरी जाऊ शकत नव्हती. म्हणून टेम्पोत घालून नेली आणि मामांच्या गावाच्या अलीकडं, बाभळीआड उतरवली. तिथून अशा दिमाखात गावात शिरलो, जसं काही थेट हैदराबादहून एका दमात आलोय. टेम्पोवाल्याला सांगितलं होतं, हळूहळू मागून जा. तर तो पठ्ठ्या मामांच्या दारातच थांबून विचारतो, "मालक, संध्याकाळी चढवायला कधी येऊ?"

अंगणात साडूची आठशे उभी. साडू तिच्याभोवती फिरून काहीतरी मापत होता, मीटरची एक सुई बॅटरीच्या टोकाला, दुसरी गाडीच्या पत्र्याला. पत्र्यात करंट उतरला नाही ना, हे तो दर वेळी बघतो. चांगली सवय आहे. वेळ लागतो तिला. तेवढ्या वेळात मी घरात गेलो, घोंगडीत गुंडाळलेला घडा उचलला, व्हॅनमध्ये मधल्या सीटवर आणून ठेवला, आणि मामींना हात धरून चढवलं. "पाय लांब करून बसा मामी. त्या आठशेत काय, गुडघे कानाला लागतात."

मामा बाहेर आले. घडा कुठं आहे ते बघितलं. माझ्याकडं बघितलं. साडूनं मीटर खाली ठेवला.

"आता चढवलाच हाय तर जाताना हिच्यात," मामा म्हणाले, "येताना त्याच्यात."

साडू माझ्याजवळ आला. "ऑटो काढला ना?"

"हाव हाव," मी म्हटलं, आणि काच वर केली.

तो पुढं निघाला, रिकाम्या गाडीत एकटा. मागून मी, माझ्या शेजारी मामा, मागं मामी, अक्का आणि मांडीत घडा धरलेली माझी बायको. अक्कासुद्धा माझ्या गाडीत! गाव बघून राहिलं होतं. शेजारच्या रानांकडं निघालेल्या बाया डोक्यावरच्या टोपल्या धरून वळून बघत होत्या. मी त्या पाणंदीवरून अशी गाडी नेली, की बैलांना आठवून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं असणार. मी बघितलं नाही, पण आलं असणार.

रानाच्या तोंडाशी ओढा आहे. त्याला पाणी नव्हतं, पण वर चढायला काळ्या मातीची उभी चढण. साडूची गाडी कुरकुर न करता वर गेली, खोपीजवळ थांबली. मी रेस दाबली. व्हॅन अर्धी चढली, एवढी माणसं, एवढी भज्जी, एवढी आंबील, आणि

खट्ट.

सगळं शांत. हरभऱ्यातला किडासुद्धा ऐकू येईल एवढं शांत.

"पडली का?" अक्का म्हणाली. तिच्या आवाजात नवऱ्याची गाडी होती.

"पडली न्हाई. दम खाऊन राहिली," मी म्हटलं, आणि हँडब्रेक ओढून रेस तळापर्यंत दाबून धरली. चढावर गाडी बंद पडली की जगातला कुठला माणूस रेस दाबत नाही ते मला दाखवा.

मामा म्हणाले, "चाकाखाली धोंडा आला असंल," आणि दार उघडून उतरले. मी 'बसा बसा' म्हणेपर्यंत ते गुडघ्यावर हात टेकत, काठी टेकत व्हॅनच्या पुढं गेले आणि वाकले. मला काचेतून फक्त त्यांच्या पटक्याचं टोक दिसत होतं.

तेव्हा साडू वरून धावत येताना दिसला. ज्या माणसाला मी जन्मात कधी चालण्याच्या पुढं जाताना पाहिलं नाही तो चढणीवरून धोंड्यासारखा गडगडत येत होता आणि ओरडत होता. होय, तो ओरडत होता! "पाय काढा! साडूभाऊ, पाय काढा! मामा, बाजूला!"

मला कळलं. पण पायाला कळायला वेळ लागतो. माझ्या डोक्यातून निरोप निघाला तेव्हा व्हॅनच्या पोटात खट्ट झालं होतं.

ती उडाली. मी वाघ उडताना पाहिलेला नाही, पण आता पाहायची गरजही उरली नाही. ब्रेकचा लिव्हर तसाच ओढलेला, तरी मागची चाकं माती उडवत वर. साडूनं मामांचं धोतर धरून त्यांना खेचलं आणि दोघंही तुरीच्या ओळीत आडवे झाले. व्हॅन त्यांच्या काठीवरून गेली, चढण चढली, कडब्याच्या खोपीत शिरली आणि खोप आपल्यावर पांघरून घेऊन उभी राहिली. आत अंधार. मागं मामी देवांची नावं घेत होत्या, अगदी गावोगावच्या देवांची. अक्का पहिल्यांदाच गप्प होती. आणि माझ्या मानेवरून, सदऱ्यातून, पाठीवरून थंडगार आंबील खाली उतरत होती.

मी मामांना हाक मारली. खरं सांगतो, त्या एवढ्या क्षणात घडा, मान, साडू, मांड्या, काही नव्हतं डोक्यात. फक्त ते पटक्याचं टोक होतं.

माझ्या बाजूचं दार उघडलं आणि एक हात आत आला. साडूचा. त्यानं आधी चावी काढली, मग सीटखाली हात घालून बॅटरीचा प्लग ओढला. बाहेर सगळ्यांना म्हणाला, "पुढं येऊ नका, तिच्यात ऑटो हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा बरे हायत. कोपर खरचटलंय. तुम्हाला लागलं का?"

एवढंच. एक शब्द जास्त नाही. मी वाट बघत होतो. म्हटलं, आता हा म्हणेल, 'फोनवर सांगितलं होतं.' म्हण ना! म्हणाला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, उत्तर मला नेहमी सुचतं. पण तो खाली बसून मामांच्या कोपराला हळद लावू लागला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला काळी माती लागली होती, आणि ती सुद्धा त्याला शोभत होती. अशा माणसाचं काय करायचं?

पांडव सुरक्षित होते. व्हॅनचं चाक त्यांच्या वीतभर अलीकडं थांबलं होतं, आणि गावात आजही मी हे माझ्या चालवण्याचं कसब म्हणून सांगतो. पण घडा फुटला होता. आंबिलीशिवाय येळवस कशी करायची? येळवसला रानात कुणी उपाशी राहत नाही, वाटेवरच्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून जेवायला बसवतात. त्यामुळं शेजारच्या रानातून आंबील आली. मागायला साडू गेला. मामांनी आपल्या रानाला दुसऱ्याच्या घरची आंबील शिंपडली, ती आरोळी नेहमीपेक्षा बारीक निघाली. जेवताना पाहुण्यांनी, शेजाऱ्यांनी, कोण कोण आलं त्या सगळ्यांनी साडूनं मामांना कसं खेचलं ते ऐकलं. प्रत्येक वेळी अक्कानं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्यानं जरा जास्त लांबून उडी मारली. शेवटी शेवटी तर तो लातूरहूनच झेपावला होता. तिखटमीठ लावायची कला माझी, आणि तीही आता त्याच्या कामाला लागली!

माझ्या बायकोनं रानातल्या विहिरीवर केस धुतले आणि जेवताना माझ्या पानात भज्जी वाढली. एकदाच.

ऊन कलल्यावर मामा तुरीच्या बांधावर एकटे बसले होते, धोतराला चिकटलेला कडबा वेचत. घरी जायला साडूची गाडी तयार उभी होती. तो तिच्याभोवती फिरून मीटर लावत होता. आता मला घाई नव्हती. मी मामांच्या शेजारी जाऊन बसलो.

"मामा," मी म्हटलं, "ऑटो काढून टाकतो. उद्याच. ती रेसची अटपण परत घालतो. पंखा काढून तिथं लाल बटण बसवतो, ह्यांच्या बटणापेक्षा मोठं. भाकरीएवढं बसवतो. वायरी नारंगी करतो, बांगड्या घालतो. ह्यांच्या गाडीत जेवढं हाय तेवढं सगळं करतो मामा. मग तर पुढच्या येळवसला आंबील माझ्या गाडीत?"

मामांनी आणखी एक काडी काढली, बघितली, खाली टाकली.

"तुझ्याच गाडीत नेऊ," ते म्हणाले. "चालवायला थोरला बसंल."